मानाचं पहिलं नाव

जालन्याकडच्या टेंभुर्णीच्या बाजारपेठेत काकासाहेबांचं कृषी सेवा केंद्र आहे. पाटीवर नाव काकासाहेबांचं, गल्ल्यावर बसणारेही काकासाहेब. पण कपाशीवर पडलाय तो मावा का तुडतुडे, फवारा आज मारायचा का उघाड पडल्यावर, दोन औषधं एका पंपात चालतील का, असं कुणी विचारलं की ते खुर्चीतून न उठता आतल्या खोलीकडं मान वळवतात. "सूनबाईला विचार."

सूनबाई म्हणजे वंदना. धावड्याची लेक, बीएस्सी अ‍ॅग्री. तिचं स्थळ आणलं होतं रायभान अण्णांनी. अण्णा काकासाहेबांचे मावसभाऊ. त्यांच्या संस्थेच्या दोन शाळा, एक एमबीएचं कॉलेज, शिवाय जुळवलेली लग्नं किती त्याची मोजदाद नाही. औषधाच्या दुकानाच्या परवान्याला शेतीची पदवी लागते असा नियम आला तेव्हा काकासाहेब काळजीत पडले होते. एकुलता अंगद बीए करून जालन्याच्या एका बियाणे कंपनीत लागला होता. अण्णा म्हणाले, "पदवी घरात न्हाई तर पदवीलाच घरात आणू." असं हे लग्न झालं. दुकानाच्या भिंतीवर परवाना आणि वंदनाची पदवी एकाच मापाच्या फ्रेमांत शेजारीशेजारी लावलेल्या आहेत. खरा लग्नाचा फोटो आत, कपाटात.

वंदनाला एमबीए करायचं होतं. कशासाठी, हे तिला कुणाला नीट सांगता आलं नसतं. कंपन्यांचे मॅनेजर दुकानात यायचे, चहा तिच्या हातून घ्यायचे आणि माल किती उचलायचा हे काकासाहेबांशी बोलायचे. काकासाहेब तिला विचारून सांगायचे. मग मॅनेजर पुन्हा काकासाहेबांकडंच बघून मान हलवायचा. चहाचे कप उचलताना तिला वाटायचं, आपल्याला त्या पलीकडच्या खुर्चीवर बसायचंय. बस, एवढंच.

पहिल्या वेळी तिनं पुण्याच्या एका खासगी संस्थेची परीक्षा दिली होती. मार्क बरे पडले, बोलावणं आलं. अंगद सोबत गेला आणि बाहेर झाडाखाली बसून राहिला. आधी गटचर्चा होती. दहा पोरंपोरी गोल बसवली, विषय दिला, आणि सगळी एकदमच बोलायला लागली. मोठ्यांचं बोलणं संपल्यावर आपण तोंड उघडावं हे वंदनाच्या अंगवळणी पडलेलं. इथं बोलणं संपतच नव्हतं, आणि मोठं तर कुणीच नव्हतं. तिला तोंड उघडायला फट सापडली तेव्हा वेळ संपल्याची घंटी झाली.

मुलाखतीत चष्म्याच्या बाईंनी विचारलं, पदवीनंतर इतकी वर्षं काय केलंत?

"लग्न झालं."

"आणि काम?"

"घरचं दुकान आहे. मदत करते."

"अनुभवाचं पत्र, पगाराची काही नोंद?"

"घरचंच आहे ना," वंदना म्हणाली. बाई हसल्या, चांगलं हसल्या, आणि कागदावर काहीतरी लिहिलं. परतीच्या बसमध्ये अहमदनगर मागं पडेपर्यंत वंदनाला आपण काय काय सांगायला हवं होतं ते आठवत राहिलं. खरिपाचा सगळा माल मी ठरवते. उधारी कुणाला द्यायची, कुणाला नाही, ते मी बघते. परवाना माझ्या पदवीवर आहे. 'मदत करते' म्हणाली ती. चार वर्षांत दुसरा शब्दच तिच्या तोंडात बसला नव्हता.

यादीत नाव लागलं नाही ते लागलं नाहीच.

मग तिनं सरकारी सीईटीचा रस्ता धरला, आणि तो तिला मनापासून आवडला. तिथं गटचर्चा नाही, मुलाखत नाही. संगणकापुढं बसायचं, धडाधड प्रश्न सोडवायचे. पोरं निरनिराळ्या दिवशी परीक्षा देतात म्हणून नुसते मार्क न बघता तुमच्या मागं शेकडा किती जण राहिले ते काढतात, त्याला पर्सेंटाइल म्हणतात. त्या आकड्यावरून राज्याची एक यादी लागते. मग तुम्ही कॉलेजांची नावं आपल्या पसंतीनं खालीवर लावून द्यायची. यंत्र वरून एकेकाला घेतं, त्याची पहिली पसंती बघतं, जागा असेल तर देतं, नसेल तर दुसरी बघतं. कोण कुणाची सून, कुणाचा कोण, कुणी कधी बोलायचं, ह्यातलं काहीच ते यंत्र विचारत नाही. "तिथं तोंड बघत न्हाईत," ती अंगदला म्हणाली होती. "नुसता आकडा बघतात."

"मंग चांगलंच हाये की," अंगद म्हणाला. अंगद वाईट माणूस नव्हता. बायको शिकतेय ह्याचं त्याला कौतुक होतं, फक्त काय शिकतेय ते त्यानं कधी विचारलं नव्हतं.

उन्हाळ्यात दुकानात गिऱ्हाईक नसतं. दुपारभर खताच्या पोत्यांवर बसून ती गणितं सोडवायची, संध्याकाळी भाकरी थापता थापता मनातल्या मनात आकड्यांच्या रांगा लावायची. एकदा सासू गोजरबाई म्हणाली, "भाकर जळून राह्यली बाई, कुठं हाईस?" एप्रिलात परीक्षा झाली. निकाल लागला तेव्हा सत्त्याण्णवच्या वर पर्सेंटाइल होतं. काकासाहेबांनी दुकानात येईल त्याला सांगितलं, "सत्त्याण्णव जण मागं टाकले आमच्या सूनबाईनं." गिऱ्हाईक म्हणायचं, "वा," आणि युरियाचा भाव विचारायचं.

पुण्याला जाऊ द्यायचं का, ह्यावर घरात महिनाभर काही बोलणंच झालं नाही, म्हणजे विरोध चालू होता. परवाना पडून राहील का, होस्टेलात दोन वर्षं सून ठेवली तर लोक काय म्हणतील, पाळणा अजून हलला नाही. शेवटी अंगदनंच कधी नव्हे ते दादांपुढं, म्हणजे बापापुढं, तोंड उघडलं, आणि काकासाहेब म्हणाले, "विद्यापीठातलं सरकारी लागलं तरच. खासगीचा खर्च आपल्याला बिलकुल झेपणार न्हाई." वंदनाला तेवढंच पुरे होतं. पुण्याच्या विद्यापीठाच्या आवारातलं ते कॉलेज तिच्या आकड्याला मिळण्याजोगं होतं. मागच्या सालचं शेवटचं नाव कुठं थांबलं ते तिनं इतक्यांदा बघितलं होतं की डोळे मिटले तरी दिसायचं.

पसंतीची नावं भरायला थोडे दिवस मिळतात. तिनं भरली. वर पुणं, खाली संभाजीनगर, त्याखाली आणखी काही. जतन करून ठेवली, पक्की केली नाहीत. एकदा पक्की केली की हात लावता येत नाही, म्हणून शेवटच्या दिवशी नीट बघून करू असं तिनं ठरवलं. नोंदणीला मोबाइल नंबर अंगदचा होता. फॉर्म भरतानाच काकासाहेब म्हणाले होते, "बाईमाणसाचा नंबर नेटवर कशाला?" तेव्हा त्यात वाद घालण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

शेवटचा दिवस आला तो नेमका संकष्टीला. गोजरबाईनं आदल्या दिवशीच सांगितलं, "उद्या राजूरला जायचं."

"आत्या, उद्या फॉर्मचं काम हाये माझं."

"फॉर्मसाठीच तर चाललो. गणपतीला सांगाया नको? तू न्हाई आल्यावर मी कुणाचं नाव सांगू, माझं?"

वंदनाला वाटलं, दुपारपर्यंत परत येऊ. सायंकाळी पाचपर्यंत मुदत होती. पण राजूरला चतुर्थीची रांग म्हणजे रांग. डोंगराच्या पायऱ्यांवरून ती मुंगीच्या पावलानं वर सरकत होती आणि मोबाइलवर रेंजची एकही काडी उभी राहत नव्हती. गाभाऱ्यातून बाहेर आल्यावर गोजरबाई समाधानानं म्हणाली, "एमबीए बी मागितलं आन नातू बी. जे आधी देईल ते देईल." एरवी वंदना हसली असती. तिनं घड्याळ बघितलं. परतीची जीप भरल्याशिवाय सुटेना.

घरी पोचली तेव्हा अंगद अंगणात बाजेवर बसला होता, खुशीत.

"काम करून टाकलं तुझं," तो म्हणाला. "फोन लागंना तुझा, म्हणून मीच पक्कं केलं. ओटीपी माझ्याच फोनवर आल्ता."

वंदनानं पायातली चप्पल काढली. "जसंच्या तसं ना?"

"बराबर जसंच्या तसं. फक्त अण्णाचं कॉलेज वर टाकलं."

"वर कुठं?"

"सगळ्यात वर. दुपारी अण्णा आल्ते चहाला. म्हणले, सूनबाई एवढ्या मार्काची, आमच्या कॉलेजाचं नाव तरी टाका. दादा म्हणले, टाकायचं तर मानानं वर टाक, खाली कुठं टाकतो. तसं तुझं पुणं हाये की, दुसऱ्या नंबरला."

घरातून काकासाहेब बाहेर आले. "अगं, मान देला म्हणजे मोकळं," ते म्हणाले. "मार्कावरच लागणार ना? तुझे मार्क पुण्याचे, तुला पुणंच लागंल. पत्रिका पहिली गणपतीला ठेवतो, म्हणून गणपती काय पंगतीला येऊन बसतो का?"

त्यांनी हे अगदी सरळ मनानं म्हटलं होतं. त्या घरात प्रत्येक यादी अशीच व्हायची. लग्नाच्या आहेराची असो, वास्तुशांतीच्या निमंत्रणाची असो, पहिलं नाव देवाचं, दुसरं अण्णांचं, आणि ज्यांना खरोखर जेवायला यायचं असतं ती माणसं तिसऱ्या ओळीपासून पुढं. वर लिहिलं की मान संपला. त्यावरून पुढं काही होतं असं त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

वंदना ओट्यावरच बसली. "मामा, पहिलं नाव लागलं की संपतं," ती म्हणाली. "मशीन ते आपोआप पक्कं करतं. पुढच्या फेरीत घेतच न्हाई. दुसरं नाव बघतसुद्धा न्हाई."

"अण्णाच्या कॉलेजात एवढ्या मार्काचं कोण जाईल?" अंगद म्हणाला.

"म्हणूनच लागंल ना. तिथं जागा रिकाम्याच हायेत."

अंगद म्हणाला, "मला काय माहीत. तू सांगितलंच न्हाई."

"विचारलं होतं का कधी?"

"आता मशीनचे नियम मी विचारत बसू का?"

मदतकेंद्राला फोन लावला. तिकडची मुलगी पाठ केलेलं वाक्य पुनःपुन्हा म्हणाली, की उमेदवारानं पक्के केलेले विकल्प अंतिम असतात. "ते मी केले नाहीत," वंदना म्हणाली. "आपल्या नोंदणीकृत मोबाइलवरच्या ओटीपीनं केलेत, मॅडम," मुलगी म्हणाली, आणि तिचंही खरंच होतं.

जागावाटपाच्या यादीपर्यंतचे दिवस वंदनानं कसे काढले ते तिलाच माहीत. जगात तिच्यासारखी प्रार्थना कुणी केली नसेल. आपल्याहून हुशार पोरांनी, अगदी शेकड्यानं, अण्णांच्या कॉलेजावर तुटून पडावं, असं ती स्वयंपाक करता करता मागत होती. मनातल्या मनात ती त्या पोरांना तिथल्या चांगल्या गोष्टी सांगत होती. जवळ आहे, झाडं आहेत, मोकळी हवा आहे.

यादी लागली. तिला अण्णांचं कॉलेज मिळालं होतं. त्या कॉलेजच्या यादीत तिच्या खालोखाल जो मुलगा होता तो तिच्यापासून इतका लांब होता की दोघांची परीक्षा एकच होती का असा प्रश्न पडावा.

तासाभरात अण्णांच्या संस्थेनं मोबाइलवर अभिनंदनाची पाटी फिरवली. फोटो तिच्या लग्नातला होता, मुंडावळ्या कापून टाकलेल्या. धावड्याहून आईचा फोन आला, ती रडत होती, आनंदानं. गोजरबाईनं तिच्या हातावर साखर ठेवली. वंदनानं ती तोंडात टाकली. करणार काय.

संध्याकाळी अण्णा स्वतः आले. शाल, नारळ, पेढे. बैठकीत काकासाहेबांशेजारी बसून म्हणाले, "सूनबाई, तुमच्यामुळं आमच्या कॉलेजची इज्जत वाढली. आता उद्या तेवढं जागा स्वीकारल्याचं बटण दाबा, कागदं घेऊन या. फीचंबी आपण बघून घेऊ, बाकी बिलकुल काळजी करू नका. रोज यायचीबी गरज न्हाई. परीक्षेला आलं तरी चालतंय. घरचंच कॉलेज."

"म्हणजे दुकानबी सुटत न्हाई," काकासाहेब म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरचा इतक्या दिवसांचा ताण उतरलेला स्पष्ट दिसत होता. "घर बी झालं, एमबीए बी झालं. देवानंच केलं म्हणायचं."

"होस्टेलबी न्हाई, काही न्हाई," गोजरबाई दारातून म्हणाली.

वंदनाला कळलं की ह्या खोलीत आपल्याखेरीज सगळे सुखी आहेत. कुणी तिचं वाईट केलेलं नव्हतं. ज्याच्यावर ओरडावं असा एकही माणूस तिला सापडेना. पुण्याच्या त्या चष्म्याच्या बाई आठवल्या, त्यांचं चांगलं हसू आठवलं, आणि 'मदत करते' आठवलं. ह्या वेळी तिनं कुणाचं बोलणं संपायची वाट पाहिली नाही.

"मी न्हाई घेणार ही जागा, अण्णा."

अण्णांना आधी ऐकूच आलं नाही असं वाटलं. काकासाहेब म्हणाले, "काय म्हणाली?"

"न्हाई घेणार. मुदत जाऊ देणार."

"मंग पुणं मिळतंय का?" अंगदनं विचारलं.

"न्हाई. ह्या सालातून बाहेर. सीईटी परत द्यायची."

"ह्याला काय अर्थ हाये," काकासाहेब म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, पण नारळाकडं बघत होते. "माणूस दारात शाल घेऊन आलंय. तुझं स्थळ ह्यांनी आणलेलं. लोकांत काय तोंड दाखवायचं आम्ही?"

"मान तर देला ना मामा," वंदना म्हणाली. "पहिल्या ओळीत देला. तुम्हीच म्हणले, मान देला म्हणजे मोकळं. पत्रिका देली म्हणून पंगतीत बसलंच पाहिजे असं थोडंच हाये."

अण्णा उठले. शाल त्यांनी तशीच ठेवली, ती परत नेणं त्यांना शोभणारं नव्हतं. जाता जाता अंगदला म्हणाले, "शिकलेली सून आणून देली, बाबा. आता सांभाळा." ते थट्टेत म्हटल्यासारखं म्हटलं होतं, पण कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुदत संपली. वंदना तेव्हा दुकानात बोंडअळीचे पतंग पकडायचे कामगंध सापळे मोजून देत होती.

त्यानंतर काकासाहेब तिच्याशी सरळ बोलेनासे झाले. "तिला म्हणा, चहा कर," असं गोजरबाईला सांगायचे, वंदना समोरच उभी असली तरी. गोजरबाई वैतागून म्हणायची, "मी काय टपाल हाये का?" आणि तरी टपाल पोचवायची. अंगद जास्त वेळ जालन्यालाच काढायला लागला. एका सकाळी निघताना म्हणाला, "पुढच्या साली देणार म्हणते, पण दादा हो म्हणतील का?"

"आत्ता तरी कुठं म्हणून राह्यले."

"मी काय करू सांग."

"पुढच्या साली नंबर माझा टाकीन," ती म्हणाली. "तेवढं करा. मधी येऊ नका."

अंगदनं गाडीला किक मारली. त्याला लागलं असावं. तिला त्याचंही वाईट वाटलं, आणि आपल्याला सगळ्यांचंच वाईट वाटतं ह्याचा राग आला.

पहिल्या फेरीत कुठलं कॉलेज किती पर्सेंटाइलवर थांबलं, ते जाहीर झालं. बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. पोळ्याच्या आधीची दुपार, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, आणि तिनं बघितलं. पुण्याचं ते कॉलेज तिच्या आकड्याच्या खाली येऊन थांबलं होतं. फार नाही, थोडं खाली. पण खालीच.

ती मोबाइल मांडीवर ठेवून बसली होती, तर गल्ल्यावरून काकासाहेबांचा आवाज आला. मधे गोजरबाई नव्हती.

"लागले का ते आकडे?"

"हो, मामा."

"मंग?"

"माझ्यापेक्षा खाली थांबलं."

त्यांनी थोडा वेळ हिशोब लावला. "म्हणजे पुणं लागलं असतं तुला?"

"लागलं असतं. पहिल्याच फेरीत."

काकासाहेब भिंतीकडं बघत राहिले. तिथं परवाना होता आणि शेजारी तिची पदवी. पंख्यानं दोन्ही फ्रेमा हलत होत्या. "मला वाटलं, वर नाव लिहिल्यानं काय होतंय," ते म्हणाले. "मला खरंच तसं वाटलं."

"माहीत हाये, मामा."

"तुला माहीत होतं ते सगळं. मंग आधीच सांगायचं ना बाई."

वंदनानं त्यांच्याकडं बघितलं. सांगण्यासारखं खूप होतं, आणि सांगायचं म्हटलं तर सुरुवात लग्नापासूनच करावी लागली असती. ती तोंड उघडणार एवढ्यात एक जण कपाशीचं पान मुठीत धरून दुकानाची पायरी चढला. पान गल्ल्यावर ठेवून म्हणाला, "काकासाहेब, हे काय पडलंय बघा. काय मारू ह्याच्यावर?"

काकासाहेबांनी पान उचललंही नाही.

"सूनबाईला विचार," ते म्हणाले.